पंचनाम्यात न येणारे तास

सातारच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या क्लेमची कामं करणाऱ्या एक वकीलबाई आहेत. नवी फाइल हातात आली की त्या फिर्याद बाजूला सारतात आणि आधी घटनास्थळाचा पंचनामा उघडतात. फिर्यादीत काय असणार ते त्यांना पाठ आहे : ‘सदर ट्रकचालकाने त्याच्या ताब्यातील ट्रक हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून...’ खंबाटकीच्या उतारावर कंटेनर उलटलेला असो, नाहीतर शिरवळच्या चौकात मोटारसायकलवाला चाकाखाली आलेला असो, वाक्य तेच. टायर फुटून कडेला उभ्या असलेल्या ट्रकचा चालकही ‘भरधाव वेगात’ होता, असं त्यांनी एका फिर्यादीत वाचलेलं आहे. रात्री तीन वाजता हवालदाराला नवं वाक्य कुठून सुचणार, असं त्या हसत म्हणतात.

पंचनाम्यात निदान कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी सापडतं. टायर घासल्याच्या खुणा किती फूट, काचा कुठे सांडल्या, ट्रकचं तोंड कुठल्या दिशेला, डांबर संपून साइडपट्टी कुठे सुरू होते. जे सापडत नाही, तिथून बाईंचं खरं काम सुरू होतं. मागची लाल पट्टी होती का? पार्किंग लाइट चालू होते का? मागचा लोखंडी गार्ड जागेवर होता, की माल उतरवताना आडवा येतो म्हणून मालकाने तो कापून टाकला होता? मोटार वाहन नियमांनी हे सगळं सक्तीचं केलेलं आहे. ट्रकच्या मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी हवी. मागचा गार्ड हवा, म्हणजे मागून आदळलेली मोटार थेट हौद्याखाली घुसत नाही. पण ‘पट्टी नव्हती’ हे पंचनाम्यात लिहावं, असं पंचांना सहसा वाटत नाही. नसलेली गोष्ट कोण लिहितो?

वकिलीची सुरुवातीची वर्षं त्यांनी पुण्यात एका विमा कंपनीच्या पॅनलवर काढली. तिथे काम उलट्या दिशेचं होतं. फाइल आली की चार गोष्टी बघायच्या : चालकाचं लायसन्स, गाडीचं परमिट, पासिंगची तारीख आणि अपघात झाला तेव्हा गाडीत कोण कोण बसलं होतं. चारांपैकी एक जरी लंगडी निघाली, तर ‘पॉलिसीच्या अटींचा भंग’ म्हणून कंपनीचे हात वर. त्या शाळेत शिकल्यामुळे आज समोरचा वकील कुठे बोट ठेवणार, हे त्यांना आधीच कळतं.

यातला लायसन्सचा वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालला. छोट्या मोटारीचं लायसन्स असलेल्याने मालवाहू टेम्पो चालवला तर कंपनीने पैसे द्यायचे की नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं, की एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर ते लायसन्स चालतं. कंपन्यांना ते मानवलं नाही. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ला रंभा देवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केलं. पुण्याच्या दिवसांत या एका मुद्द्यावर बाईंनी स्वतः किती दावे लांबवले असतील, याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. काम होतं, केलं.

लायसन्स सरळ खोटं निघालं, तरी अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताचा त्यात काय दोष? स्वरणसिंग निकालापासून, म्हणजे २००४पासून, न्यायालयं सहसा कंपनीला सांगतात : आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा. परमिट नसलेल्या ट्रकबाबत २०१८ साली अमृत पॉल सिंग प्रकरणात हाच मार्ग धरला गेला. अर्जदाराला पैसे मिळतात, कंपनी मालकाच्या मागे लागते.

मालाच्या गाडीत माणसं बसली असतील, तर मात्र पाय घसरतो. १० एप्रिल २०१८च्या पहाटे खंबाटकी बोगद्यापुढच्या ‘एस’ वळणावर मजुरांचा टेम्पो उलटला आणि १८ जण गेले. विजयपूर भागातून शिरवळच्या एमआयडीसीत बांधकामावर निघालेली कुटुंबं होती ती. अशा अपघातात कायदा आधी विचारतो : हा माणूस मालाचा मालक होता, मालासोबतचा हमाल होता, की नुसता बसलेला? १९९४च्या दुरुस्तीने मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचं छत्र दिलं. नुसत्या बसलेल्याला नाही, हे आशा राणी प्रकरणात २००२मध्ये पक्कं झालं. म्हणजे टेम्पोतल्या बाईजवळ पाटी-फावडं होतं, की फक्त पोर होतं, यावर तिच्या माणसांच्या भरपाईचा रस्ता बदलू शकतो. हा भेद कायद्याला धरून असेल. बाईंना तो आजतागायत गळ्याखाली उतरलेला नाही, आणि त्या तसं बोलूनही दाखवतात.

उभ्या ट्रकवर आदळून झालेल्या मृत्यूंची कामं त्यांच्याकडे सर्वांत जास्त येतात, आणि तिथे पंचनाम्यातली रिकामी जागा सर्वांत महाग पडते. लोणंदच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून घरी निघालेला एक तरुण अंधारात उभ्या दहा टायरी ट्रकला मागून धडकला. पंचनामा म्हणत होता, ‘ट्रक रस्त्याच्या डाव्या बाजूस उभ्या स्थितीत’. बस्स. कंपनीने पवित्रा घेतला, की मागून धडकणाऱ्याचीच चूक, निदान निम्मी तरी. पोराच्या चुलतभावाने फटफटताना मोबाइलवर काही फोटो काढले होते. कोर्टासाठी नव्हे; गावच्या ग्रुपवर टाकायला. बाईंनी ते मागवले, त्यांना पुराव्याच्या कायद्याप्रमाणे लागणारं इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र जोडलं आणि मोठे करून बघितले. मागच्या लाल पट्टीवर चिखलाचा बोटभर थर. एका बाजूचा दिवा गायब, दुसऱ्यावर ताडपत्रीचं टोक लोंबलेलं. चाकाखाली दगड. आणि ट्रकच्या मागे सातआठ पावलांवर बाभळीची एक फांदी टाकलेली.

फांदी बघून कंपनीचा वकील खूश झाला. बघा, चालकाने काळजी घेतली होती! उलटतपासात बाईंनी चालकाला एवढंच विचारलं :

“फांदी कशासाठी टाकली?”

“मागनं येणाऱ्याला दिसावं म्हणून.”

“म्हणजे फांदीशिवाय गाडी दिसणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

चालक गप्प. गाडीसोबत मिळणारा रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण कुठे होता, याचंही उत्तर आलं नाही. रस्त्यात धोका होईल अशी गाडी उभी करू नये, हे मोटार वाहन कायद्याचं १२२वं कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या अर्चित सैनी प्रकरणात, रात्री दिव्यांशिवाय रस्त्यात उभ्या केलेल्या गॅस टँकरचा सगळा दोष टँकरवरच ठेवला होता. मोटारवाल्याच्या माथी निम्मा दोष मारणारा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष त्याने खोडून काढला. या कामात मात्र मयताच्या वाट्याला वीस टक्के आले. कंपनी पन्नासवर अडून बसली होती.

टक्क्यांना एवढं महत्त्व का, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. समजा ३४ वर्षांचा माणूस, कायम नोकरी नाही, महिना १५,००० मिळवतो, मागे बायको, दोन मुलं, आई. २०१७च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्याला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे : २१,०००. चार जण अवलंबून, म्हणून २००९च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयाप्रमाणे गुणक १६. झाले ३०,२४,०००. आता ठेकेदार रोखीने पगार देत असेल, चिठ्ठी नसेल, आणि न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० धरलं, तर हाच हिशेब २०,१६,०००वर येतो. पगाराच्या एका चिठ्ठीची किंमत दहा लाख. त्यावर वीस टक्के दोष मयताचा धरला की आणखी चार लाख गेले. बायका या आकड्यांपाशी थांबतात आणि विचारतात, “मॅडम, माणसाचा भाव असा काढत्यात व्हय?” मॅडमकडे याला उत्तर नसतं. त्या पगाराचं पासबुक मागतात.

उभा ट्रक दर वेळी चालकानेच उभा केलेला असतो, असंही नाही. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ १५ ऑक्टोबर २०२३ला मध्यरात्रीनंतर टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि नाशिककडे परतणारे १२ भाविक दगावले. तो ट्रक आरटीओच्या पथकानेच रस्त्यात थांबवला होता, असं पुढे आलं आणि दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. नियम पाळायला लावणाऱ्यांनीच गाडी कुठे उभी करवली, हा प्रश्न त्या रात्रीने सगळ्या क्लेम वकिलांपुढे ठेवला. बाई तेव्हापासून उभ्या ट्रकच्या प्रत्येक कामात विचारून घेतात : गाडी कुणी थांबवली होती का?

दुसरा नेहमीचा बचाव म्हणजे ब्रेक फेल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून आला आहे, की वाचकाला ते नैसर्गिक कारण वाटायला लागावं. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने सुमारे ४८ गाड्या उडवल्या. आधी ब्रेक निकामी झाल्याचंच बोललं गेलं. मग पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं, की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडायची खोड जुनी आहे. इंजिन बंद झालं की हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा पुन्हापुन्हा पाय मारला की संपते, स्टिअरिंग जड होतं आणि इंजिनाचा जो आपोआप अटकाव असतो तोही जातो. मग ब्रेक ‘लागत नाहीत’. ते फेल झालेले नसतात, त्यांना हवाच नसते.

कायद्यातही हा बचाव वाटतो तितका सोपा नाही. मुंबईहून गेलेल्या मिनू मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितलं, की यांत्रिक बिघाडाचं कारण पुढे करायचं, तर नीट काळजी घेऊनही तो आधी लक्षात येण्यासारखा नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणून बाई मालकाकडे गॅरेजची बिलं मागतात. लायनर शेवटचे कधी बदलले? ड्रम कधी उघडला? बिलं निघत नाहीत. आरटीओचा तपासणी अहवाल आधार देईल म्हणावं, तर त्यात बहुधा एक ओळ असते : वाहनाचे नुकसान झाल्याने ब्रेकची चाचणी घेता आली नाही.

हे सगळं वर्षानुवर्षं केल्यावर बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. गाडीचं वजन काटापट्टीवर सापडतं. पासिंग सापडतं, लायसन्स सापडतं, दारू प्यायला असेल तर रक्ताच्या अहवालात तीही सापडते. पण चालक त्या वेळी किती तास जागा होता, हे फाइलमधल्या एकाही कागदावर नसतं. पोलीस विचारत नाहीत, आरटीओ विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर क्लेमचा वकीलही विचारत नाही. एकदा त्यांनी मालकाच्या उलटतपासात हा प्रश्न काढला, तेव्हा कंपनीच्या वकिलाने उभं राहून हरकत घेतली आणि मग हळूच त्यांच्याकडे वळून म्हटलं, “मॅडम, याने तुमच्या रकमेत एक रुपया तरी वाढणार आहे का?”

नव्हता वाढणार. त्याचं म्हणणं बरोबर होतं. भरपाई मयताच्या उत्पन्नावर ठरते, मालकाच्या अपराधावर नाही. चालक दोन तास झोपलेला असो की दोन रात्री जागलेला, गुणक १६ तो १६च. अमेरिकेत ट्रकचालकाला एका पाळीत ११ तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही, २०१७च्या डिसेंबरापासून बहुतेक गाड्यांत ते तास यंत्रच नोंदवतं, आणि तिथला वकील पहिल्या पत्रात तो उतारा मागतो. कारण दमलेल्या माणसाला मुद्दाम पाठवल्याचं दिसलं, तर वाहतूक कंपनीवर दंडात्मक भरपाई बसू शकते. आपल्याकडे १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला १० तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. कायदा लागू व्हायला पाच कामगार हवे होते. ज्याच्याकडे दोन ट्रक आणि दोन चालक, त्याला तो शिवलाच नाही, आणि रस्त्यावरचे कितीतरी मालक असेच एकदोन गाड्यांचे. २०२५च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या कामगार संहितेने तो कायदा पोटात घेतला.

शिक्षेच्या बाजूला मात्र जोर आहे. जुन्या दंडसंहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास दोन वर्षं होती, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१)ने ती पाच केली. पळून जाणाऱ्याला दहा वर्षं सांगणाऱ्या १०६(२)विरुद्ध २०२४च्या जानेवारीत चालकांनी चाकं थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते उपकलम अजून लागू झालेलं नाही. त्या आठवड्यात चालकाच्या पळण्यावर पुष्कळ चर्चा झाली, त्याच्या झोपेवर नाही.

बाईंना ते तास कोर्टात आणायची संधी मिळाली ती चालकाच्याच बाजूने. माण तालुक्यातला चालक, होसूरहून सुट्या भागांचा माल घेऊन चाकणला निघालेला. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. धडक नाही, कुणाला ओरखडा नाही. शवविच्छेदनात हृदयविकार. कामगार भरपाईच्या आयुक्तांपुढे बायकोने अर्ज केला, तर कंपनी म्हणाली, हा नैसर्गिक मृत्यू, यात अपघात कुठे आहे?

इथे परमपाल सिंग निकाल कामी आला. दिल्लीहून निघालेला एक ट्रकचालक ११५२ किलोमीटरवर, झारखंडातल्या निमियाघाटजवळ असाच कोसळला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की एवढ्या लांबच्या ड्रायव्हिंगचा ताण लक्षात घेता हा मृत्यू नोकरीतूनच उद्‌भवलेला आहे, भरपाई द्या. म्हणजे आता तासांना किंमत होती. ते आणायचे कुठून? बाईंनी मालकाला फोन करून विचारलं, “टोल कापल्याचे मेसेज पुसले नाहीत ना?” त्याने पुसले नव्हते. फास्टॅगचं खातं त्याच्या नावावर, म्हणून प्रत्येक नाक्याचा एसएमएस त्याच्याच मोबाइलवर. कोगनोळीपर्यंतचे कर्नाटकातले सगळे नाके, मग किणी, तासवडे, आनेवाडी. प्रत्येकापुढे तारीख, वेळ, मिनिट. जाण्याचे आणि येण्याचे ओळीने लावले, तेव्हा मधे माल उतरवून भरण्याएवढीच फट उरली. क्लीनर नव्हता, दुसरा चालक नव्हता.

मालक काही राक्षस नव्हता. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, “दुसरा ड्रायव्हर ठिवला तर ह्या भाड्यात गाडीचा हप्ता निघत न्हाई, मॅडम. मी सोता बी असंच चालीवलंय.” आयुक्तांनी त्यातलं भाड्याचं सोडून दिलं आणि लघुलेखकाला सांगितलं, लिहा : ‘मयत चालक परतीच्या प्रवासात एकटाच होता हे म्हणणे खरे आहे. त्यास होसूर येथे मुक्कामाची विश्रांती मिळाली नाही हे म्हणणे खरे आहे.’

अर्ज मंजूर झाला. कामगार भरपाईत निम्मं वेतन धरतात आणि कमाल वेतन महिना १५,०००च मोजलं गेलं, त्यामुळे रक्कम क्लेमच्या हिशेबाने बेताची. वर १२ टक्के व्याज. कंपनी उच्च न्यायालयात गेली आहे. तिचं म्हणणं, मालकाच्या मोबाइलमधल्या मेसेजनी फार तर गाडीचे तास सिद्ध होतात, चालकाचे नाहीत. बाईंनी उत्तरात मालकाच्या त्याच साक्षीचं पान जोडलं आहे.